रशियन तारेच्या नाण्यावरचा झार कसा ओळखावा?

जुनी_नाणी: माझ्या संग्रहात नुकतेच चांदीचे एक लहानसे रशियन नाणे आले आहे. आकार कलिंगडाच्या बीसारखा लांबट असून वजन ०.४७ ग्रॅम भरते. एका बाजूस भालाधारी घोडेस्वार आहे. दुसऱ्या बाजूस सिरिलिक लिपीतल्या ओळी आहेत, पण त्या दोन्ही कडांशी तुटतात आणि ‘मिखा’ एवढीच अक्षरे खात्रीने वाचता येतात. हे नाणे झार मिखाईल फ्योदोरोविचचे (१६१३–१६४५) मानावे का? आणि उरलेला मजकूर झिजून गेला असेल का?

टांकसाळ: मजकूर झिजलेला नाही, तो या नाण्यावर उमटलाच नव्हता. चांदीची तार ओढून तिचे ठरावीक वजनाचे तुकडे पाडत, ते चपटे करत आणि दोन ठशांमध्ये धरून वरून हातोडा मारत. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्याने बिरुदावलीचा जेवढा भाग धातूवर येई तेवढाच उठे. म्हणूनच एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी मांडली की पूर्ण मजकूर जुळवता येतो, आणि या नाण्यांचा अभ्यास मुख्यतः अशाच तुलनेवर उभा आहे.

‘मिखा’वर मात्र विसंबू नये. मिखाईलचा मुलगा अलेक्सेई मिखाइलोविच (१६४५–१६७६) याच्या नाण्यांवर हीच अक्षरे वडिलांच्या नावात येतात. त्यांच्या आधी ‘क्न्याझ’ या, झारच्या नावाआधी येणाऱ्या पदवीचा शेवट आहे की ‘अलेक्सेई’चा, हे भिंगातून पाहावे.

विजापुरी_लारी: वजनाचा पुरावाही जोडावा. बालराजा इव्हान चौथ्याची आई येलेना ग्लिन्स्काया राज्यकारभार पाहत असताना १५३५ मध्ये सुरू झालेल्या नाणेसुधारणेनुसार कोपेकचे, म्हणजे अशा लहान चांदीच्या नाण्याचे, वजन सुमारे ०.६८ ग्रॅम होते, तर झार पीटरच्या काळात १६९८ पासून ते ०.२८ ग्रॅमवर आले. त्यामुळे आपले नाणे इव्हान चौथ्याचे किंवा पीटरच्या उत्तरकाळातले नसावे. पण बाप की लेक, हे वजन सांगणार नाही. (आपल्या कोकणात पूर्वी चालणारे लारी हे नाणेही चांदीच्या तारेचेच, फक्त ते दुमडून ठसवीत.)

टांकसाळ: नाव अलेक्सेईचे निघाले, तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. त्याच्या सरकारने १६५५ पासून चांदीच्या कोपेकसारखेच तांब्याचे कोपेक पाडले आणि ते चांदीच्याच दराने चालवले. त्यातून महागाई भडकली, १६६२ मध्ये मॉस्कोत दंगल उसळली आणि पुढच्या वर्षी ती नाणी मागे घ्यावी लागली. तांब्यावर मुलामा देऊन चांदी म्हणून खपवण्याचा मोह तेव्हाही होता, आजही आहे. तेव्हा कडेला किंवा ओरखड्यात लालसर धातू दिसतो का, ते पाहून दोन्ही बाजूंची छायाचित्रे येथे द्यावीत.