आफ्रिकेतल्या लढवय्या राण्या: अपवाद होत्या का पद्धतच तशी होती?

रात्रीचा_वाचक:
दाहोमीच्या (आजच्या बेनिनमधलं जुनं राज्य) बायकांच्या पलटणीबद्दल हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळतंय, आजच्या अंगोलातली राणी एन्झिंगा, घानातली 'या असांतेवा' ही नावंपण ऐकलीयत. पण या बायका अपवाद म्हणून पुढे आल्या का तिथे बायकांच्या हातात मुळातच काही अधिकार असायचा? लढाया सगळे रंगवून सांगतात, त्या तिथवर पोचल्या कशा हे कोणी सांगत नाही. जाणकारांनी जरा उजेड पाडा.

कोपऱ्यातला_बाक:
असांते लोकांचं बघ, आजच्या घानातले. तिथे राजाच्या जोडीला ओहेमा असते, राजघराण्यातलीच बाई, कधी राजाची आई कधी बहीण कधी मावशी. घराणं आईकडून चालतं, त्यामुळे गादीसाठी नाव सुचवायचा मान तिचाच. 'या असांतेवा' ही एजिसू या असांते गावाची ओहेमा. 1896 ला इंग्रजांनी राजा प्रेम्पेला धरून नेलं, त्याच्यासोबत एजिसूचा प्रमुख म्हणजे हिचा नातूपण गेला, मग कारभार हिच्याकडेच आला. 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसन असांतेंच्या राजधानीत, कुमासीत येऊन म्हणतो सोन्याचं आसन (असांतेंचं पवित्र राजचिन्ह) कुठंय, मला बसायला का दिलं नाही. अरे त्याच्यावर खुद्द असांतेंचा राजा बसत नाही!! झालं, पेटलं सगळं. कुमासीच्या किल्ल्याला वेढा पडला, गव्हर्नरसाहेब बायकोसकट आत अडकले आणि कित्येक आठवड्यांनी कसेबसे निसटले. शेवटी असांते हरले, हिला सेशेल्सला पाठवलं, 1921 ला तिथेच वारली. आसन मात्र इंग्रजांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

शेंगदाणा:
दाहोमीचं प्रकरण वेगळंय, त्यात गल्लत नको. त्या पलटणीतल्या बायका कागदोपत्री राजाच्या बायका, दुसरं लग्न करायचं नाही, राहायचं राजवाड्यात. लढायला एक नंबर, 1892 मध्ये फ्रेंच दाहोमीच्या राजधानीवर, अबोमीवर चालून आले तेव्हा संगिनी लावलेल्या बंदुकांसमोर भिडल्या, पण सत्ता बेहान्झिन राजाची. आणि याच फौजेने आजूबाजूची गावं लुटून माणसं पकडून आणलीत, ती पुढे गुलाम म्हणून विकली गेली, हे त्यांची पोस्टरं लावून कौतुक करणारे सोयीस्कर विसरतात.

कोपऱ्यातला_बाक:
@शेंगदाणा बरोबर, पण मग एन्झिंगालाही तोच नियम लाव. गुलामांचा व्यापार तिनेही केला.

निळी_शाई:
लावा की, पण अर्धवट नको. एन्झिंगाकडे ओहेमासारखं तयार पद नव्हतं. भावाची वकील म्हणून लुआंडाला पोर्तुगीज गव्हर्नरकडे गेली, तिला खुर्चीच ठेवली नाही, तर म्हणे दासीला ओणवं करून तिच्या पाठीवर बसून बोलणी केली (आणि त्या दासीचं काय, हे कोणी विचारत नाही). 1624 ला भाऊ वारल्यावर त्याच्या राज्याची, एन्डोंगोची गादी घेतली, बाई कशी राज्य करणार म्हणून घरचेच विरोधात. तिथून हुसकावल्यावर शेजारचं मातांबा राज्य जिंकून तिथून लढली, 1641 ला डचांनी लुआंडा घेतल्यावर त्यांच्याशी हातमिळवणी, ते गेल्यावर 1656 ला पोर्तुगीजांशीच तह, आणि त्यात कैदेतली बहीण सोडवून घेतली. 1663 पर्यंत राणीच होती. पक्की राजकारणी बाई, संत वगैरे अजिबात नाही.

रात्रीचा_वाचक:
भारी माहिती! म्हणजे एकीला पद आयतं होतं, एकीने गादी बळकावली, आणि दाहोमीवाल्या राजाच्या शिपाई. ते ओहेमाचं पद अजून आहे का?

कोपऱ्यातला_बाक:
आहे ना. कुमासीत असांतेंच्या राजाबरोबर असांतेहेमा असते, नवा राजा निवडताना नाव अजूनही तीच पुढे करते.