क्रूआखन म्हणजे विटंबना? मला उत्तर द्यायचंय

काफीवेडा: काल रीलप्रेमींनी लिहिलं, "क्रूआखनने आयरिश धुनांवर रणगाडा चालवलाय." झोपच आली नाही. क्रूआखन हा डब्लिनचा बँड. त्यातला कीथ फे 1992 पासून आयरिश लोकधुना हेवी मेटलमध्ये वाजवतोय, तेही बाकीचे मेटलवाले नॉर्वेच्या ब्लॅक मेटलकडे डोळे लावून बसले होते तेव्हापासून. आणि मेटल इथे बसतं त्याला कारण आहे. मेटल गिटारच्या पॉवर कॉर्डमध्ये (एकदम छेडलेले स्वर) फक्त सा आणि प, गंधार नाहीच. आयरिश धुना कितीदा डोरियन-मिक्सोलिडियन, म्हणजे आपले काफी-खमाजचे स्वर. गंधार मोकळा ठेवणारा कॉर्ड धुनेच्या आड कुठे येतो? इलिन पाइप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप, त्याचे ड्रोनही (सतत वाजणाऱ्या नळ्या) सा धरूनच बसतात.

रीलप्रेमी: गंधाराचं मान्य. पण लयीचं काय? जिग या आयरिश नाचाच्या धुनेत, तिच्या सहा मात्रांत जो झोका असतो, तो डबल बेस ड्रमचा मारा सुरू झाला की सपाट होतो. व्हिसलवरचे (छोटी आयरिश बासरी) रोल आणि कट, म्हणजे स्वरांची झटपट सजावट, तर ऐकूच येत नाहीत. क्रूआखनचा 1995 चा पहिला अल्बम मी तीनदा ऐकला. गिटारी आणि झांजांखाली व्हिसल गुदमरते. ज्या वाद्यासाठी हा खटाटोप, तेच पुसलं जातं.

लिफीकाठची: मी अकरा वर्षं डब्लिनमध्ये आहे. लेक व्हिसल शिकते. एका सेशनला (जमून धुना वाजवायची बैठक) तिच्या मित्राने इलेक्ट्रिक गिटार आणली, तर एका काकांनी सगळ्यांदेखत बाहेर काढलं. "हे आपलं वाद्य नाही." काकांच्या मांडीवर काय होतं? बुझुकी! ग्रीसचं तंतुवाद्य! पोरगा रडत घरी गेला.

रीलप्रेमी: बुझुकीची तुलना नको. आयरिश वादक जॉनी मोयनिहनने साठच्या दशकात ती आणली, मग आयरिश वादकांनी तिचं ट्यूनिंग बदललं, घडणही बदलली. ती धुनेच्या मागे चालते, अंगावर जात नाही.

लिफीकाठची: म्हणजे परदेशी वाद्य चालतं, फक्त हळू वाजलं पाहिजे? मग तसं सांगा, परंपरेचं नाव कशाला? बॉवरानही (आयरिश डफ) वाद्यवृंदात मानाने बसला तो संगीतकार शॉन ओ रिआडांमुळे, साठच्याच दशकात. तुमची "प्राचीन" मैफल माझ्या सासऱ्यांहून लहान आहे.

रीलप्रेमी: सासऱ्यांना मध्ये आणू नका. धुना जुन्याच आहेत. मी वाद्यांबद्दल नाही, ऐकण्याबद्दल बोलतोय.

जुना_कॅसेटवाला: भांडताय कशाला, आयरिश रॉक बँड हॉर्सलिप्स विसरलात? त्यांचा 1973 चा अल्बम 'द टॉइन'. त्यातल्या 'डिअर्ग डूम' गाण्याचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) म्हणजे 'ओनील्स मार्च' ही जुनी आयरिश धून, बँडच्या जॉनी फीनने गिटारवर घेतलेली. 1990 च्या विश्वचषकाला आयर्लंडच्या फुटबॉल गाण्यात तोच रिफ आला आणि अख्खा देश त्यावर नाचला. मूळ मार्च मी त्या रिफमुळेच शोधून ऐकलं.

रीलप्रेमी: हॉर्सलिप्सला कोण नाही म्हणतंय! तिथे फिडल स्वच्छ ऐकू येते. माझा मुद्दा तोच आहे.

काफीवेडा: मग भांडण मिक्सिंगशी आहे, मेटलशी नाही. पहिल्या अल्बमचा आवाज कच्चा आहे, हे मीही मानतो. क्रूआखनचाच 2002 चा 'फोक-लोर' घ्या. त्यात शेन मॅकगोवन गायलाय. आयरिश धुनांना पंकची जोड देणाऱ्या पोग्स बँडच्या या गायकाला त्यात विटंबना दिसली नाही.

रीलप्रेमी: मॅकगोवन गायला म्हणून माझे कान बदलत नाहीत. "रणगाडा" हा शब्द मागे घेतो, तेवढाच. 'फोक-लोर' आज रात्री ऐकतो. आणि लिफीकाठची, त्या मुलाला बाहेर काढायला नको होतं.

लिफीकाठची: हे त्या काकांनी म्हणायला हवं होतं. तो पोरगा परत सेशनला आलेला नाही.