किनाबालू, किलिमांजारो… उष्ण देशातला उंच डोंगर चढलात का? अनुभव लिहा

घाटवाट:
काल दादरच्या पुलाचा जिना उतरताना गुडघ्यात कट्ट झालं आणि एकदम किनाबालू आठवला. बोर्निओतला, मलेशियाच्या साबाह राज्यातला, ४०९५ मीटर. गिर्यारोहणाचं तंत्रबिंत्र लागत नाही, दम पाहिजे, म्हणून आमच्यासारख्या रविवारी सिंहगड करणाऱ्यांना झेपतो. परवाना आणि गाइड सक्तीचे, वरच्या मुक्कामाच्या खाटा मोजक्या, त्यामुळे बुकिंग फार आधी करावं लागतं.

पहिल्या दिवशी तिंपोहोन गेट (१८६६ मी.) ते वरचा मुक्काम, पानालाबान (३२७२ मी.), सहा किलोमीटर. सहाच ना, म्हणाल. बहुतेक सगळ्या पायऱ्या, त्याही राक्षसाच्या मापाच्या! रात्री दोन-अडीचला हेडटॉर्च लावून पुन्हा वर. झाडं संपली की उघडा, खरखरीत ग्रॅनाइट. त्यावर जाड पांढरा दोर टाकलेला असतो, अंधारात तोच रस्ता. सायात-सायातच्या चौकीवर गळ्यातला पास तपासतात, वेळेत पोचला नाहीत तर तिथूनच परत.

सूर्योदय वगैरे छानच. पण माझं स्पष्ट मत, चढण्यापेक्षा उतरणं जीव काढतं. त्याच दिवशी माथ्यापासून गेटपर्यंत सव्वादोन हजार मीटर खाली यायचं असतं. मांड्या थरथरायला लागल्या, शेवटी कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरले. आणि कडी म्हणजे गेटच्या तोंडाशी चढ आहे! जाताना तो उतार असतो, तेव्हा कोण लक्षात ठेवतंय.

चला, येऊ द्या तुमचेही.

मिरजमळा:
मस्त. फोटो??

कोकणी_खेकडा:
आमच्या जातीची बदनामी थांबवा 😀

पायताण:
बूट कुठले घातलेस ते लिही आधी. मी महागातले घेऊन गेलो होतो, आणि शेजारून हमाल पाठीवर गॅसची टाकी घेऊन काळ्या रबरी बुटांत पळत गेला. दुकानात विचारलं तर म्हणे ‘अदिदास कांपुंग’, म्हणजे गावठी अदिदास. चिखलात घसरत नाहीत, भिजले तरी फिकीर नाही. दोन जोड घेऊन आलो. बायको ते घालून बागेला पाणी घालते.

अनुताई:
आम्ही तेव्हा सिंगापुरात होतो. ५ जून २०१५, सकाळी भूकंप झाला, ६ तीव्रतेचा. डोंगरावर १८ माणसं गेली. त्यात सिंगापूरच्या शाळेची सहलीला गेलेली मुलं होती, आणि गाइडही. आमच्या इमारतीत कितीतरी दिवस कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. लेक आता जायचं म्हणते. अडवत नाही, पण नाव निघालं की पोटात गोळा येतो.

घाटवाट:
अनुताई 🙏 आमचा गाइड तिथलाच, दुसून जमातीचा. ते या डोंगराला पितरांचं ठिकाण मानतात, कोंबड्यांचा नैवेद्य दाखवतात. वर आरडाओरडा केलेला त्याला अजिबात खपत नव्हता.

सह्यवेडा:
आफ्रिकेतला किलिमांजारो, मरांगू वाटेने. किबो हटवरून (४७२० मी.) मध्यरात्री निघालो. मी मॅरेथॉन पळणारा, म्हणून पुढे पुढे. गाइड मागून ‘पोले पोले’ (हळू हळू) ओरडतोय, ऐकतो कोण. गिलमन्स पॉइंटच्या आधीच भडाभडा ओकलो. आमच्यातले पोट सुटलेले एक काका गोगलगायीच्या चालीने आले आणि माझ्या आधी उहुरूला, म्हणजे माथ्यावर (५८९५ मी.) पोचले. उंची (विरळ हवेचा त्रास) लागायची ती फिट माणसालाही लागते, स्टॅमिना तिथे कामाचा नाही. डोकं ठणकायला लागलं की थांबा, वाढलं तर मुकाट खाली या. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, धाग्यावर नको.

मिरजमळा:
काकांचा फोटो??

शेवगा:
हे सगळं ठीक, पण नवरात्रात कळसूबाई बघा. १६४६ मीटरच, पण लोखंडी शिड्यांवरून नऊवारीतल्या अनवाणी आज्या झपाझप वर जातात आणि ट्रेकिंग पोल घेतलेल्यांना म्हणतात, ‘बाजूला व्हय रं बाळा.’

डोंगरफूल:
किनाबालूला घटपर्णी (किडे खाणारी झाडं) दिसतात का वाटेवर? मला फक्त तेवढ्यासाठी जायचंय, माथा नको 🙈

घाटवाट:
दिसतात, पण गाइडला आधी सांगून ठेव, नाहीतर धापा टाकत पुढे निघून जाशील. सगळ्यात मोठी, राजा जातीची, मात्र या वाटेवर नाही.

अनुताई:
शाकाहारी जेवणाचं काय?

घाटवाट:
वर भात, भाज्या, नूडल्स मिळतात. मी मेतकूट नेलं होतं. रात्री दोनला गरम भातावर घेतलं, टेबलावरचे दोघे कोरियन वास घेत घेत जवळ सरकले.

पायताण:
मेतकूट घरचं की विकतचं?

शेवगा:
विकतच्यात हल्ली हिंग नावालाच असतो. माझ्या मामीची कृती टाकू का?

मिरजमळा:
टाक. वेगळा धागा काढ पण.