फेरीबोटींचा हिशेब एडिंबरालाच विचारावा लागेल

'पैसे लंडनहून येतात, म्हणून स्कॉटलंडच्या सरकारला किती दोष देणार?' असं काहीजण विचारतात. फेरीबोटींच्या प्रकरणात ही सबब चालत नाही, कारण बेटांची जलवाहतूक एडिंबराच्याच, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारच्याच, अखत्यारीत येते. 2015 मध्ये दोन बोटींचं 9.7 कोटी पौंडांचं कंत्राट पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन या जहाजबांधणी गोदीला मिळालं. पहिली बोट, ग्लेन सॅनॉक्स, 2018 मध्ये धावायची होती. प्रवासी घेऊन निघाली ती जानेवारी 2025 मध्ये. खर्च कित्येक पटींनी वाढला, मध्येच गोदीही सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

पण मला त्याहून गंभीर वाटते ती ऑडिट स्कॉटलंड या सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेची मार्च 2022 मधली नोंद. गोदीकडून पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी नसताना मंत्र्यांनी ही जोखीम का पत्करली, याचे पुरेसे लेखी पुरावेच नाहीत! मग तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण समितीने कुणाला, कशाच्या आधारे धरायचं? ग्लेन सॅनॉक्स ज्या ॲरन बेटासाठी होती, तिथल्या माणसांना जुनी बोट बंद पडली की मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात पोचणंही कठीण होतं. असा निर्णय घेताना कारणं सही करून लिहून ठेवणं मंत्र्यांना कायद्याने बंधनकारकच हवं.