‘डिकोडिंग बरं आहे, फ्लुएन्सी कमी’ : लेकीचं नक्की अडतंय कुठे?

भांडुपकर

लेक दुसरीत आहे, मराठी माध्यम. शनिवारी पालकसभेत बाईंनी एका दमात सांगितलं, "डिकोडिंग बरं आहे, फ्लुएन्सी कमी पडते, कॉम्प्रिहेन्शन बघावं लागेल, घरी फोनोलॉजिकल अवेअरनेसच्या ॲक्टिव्हिटी घ्या." मागे पालकांची रांग. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

घरी काय होतं ते लिहिते. कविता धडाधड वाचते, पण बोट भलत्याच ओळीवर असतं, म्हणजे पाठ आहे. नवा धडा काढला की "ब... स... ला" असे तुकडे, आणि मग माझ्याकडे बघत बसते. ‘कुर्ला’चं कधी ‘कुला’ होतं, कधी ‘कुरला’. सासूबाई म्हणतात, रोज बाराखडी लिहून घे. नवऱ्याने स्टेशनबाहेर वाटत होते ते फोनिक्स क्लासचं पत्रक आणलंय. ऑफिसातून यायला मला साडेसात होतात. स्वयंपाक धरून जेमतेम अर्धा तास हाताशी राहतो, त्यात काय करू? आणि बाई जे बोलल्या ते कुणी साध्या मराठीत सांगेल का?

खिडकीची_जागा

क्लास लावायच्या आधी तो कुठल्या भाषेचा ते विचारा. आमच्या चिरंजीवांना लावला होता. एस, ए, टी, आय, पी, एन यांचे आवाज आधी, मग ते जोडून शब्द. इंग्रजीला उपयोग झाला, नाही म्हणत नाही. मराठीची गाडी होती तिथेच.

खडूफळा

मी महापालिकेच्या शाळेत, परळ-लालबाग भागात, बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच शिकवली. आता निवृत्त आहे. तुमच्या बाई बोलल्या त्यात चूक काही नाही, फक्त ते पालकांशी बोलायचं बोलणं नव्हे. असो.

फोनोलॉजिकल अवेअरनेसला आम्ही ध्वनिजाणीव म्हणायचो. याला पाटी-पुस्तक लागत नाही, सगळं कानाचं काम. ‘दादर’ला टाळ्या किती? लिहिताना अक्षरं तीन, टाळ्या दोन : दा-दर. ‘परळ’मधला ‘प’ काढला तर काय उरलं? ‘माटुंगा’सारखा ‘मा’ने सुरू होणारा दुसरा शब्द सांग. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या होतं हे. मुलांना शब्दाचे असे मोठे तुकडे लवकर ऐकू येतात. ‘का’मध्ये क् आणि आ असे दोन आवाज आहेत, हे उमगायला वेळ लागतो. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं. आपल्यासारख्या लिपीत चिन्हांचा पसाराच एवढा, की तो आटोक्यात यायला काही इयत्ता जातात. दुसरीतली मुलगी जोडाक्षराला अडली म्हणून धाबं दणाणू देऊ नका.

डिकोडिंग म्हणजे छापलेल्या खुणांवरून शब्द तोंडात आणणं. मराठी जशी लिहितो तशीच बोलतो, असं छातीठोक सांगणारे भेटतात ना, त्यांना ‘चिंचपोकळी’ची पाटी दाखवा. पहिला च आणि दुसरा च मोठ्याने म्हणून बघा, आवाज निराळे, अक्षर एकच. वेलांटी छापली आहे च च्या आधी, म्हणायची मात्र नंतर. इथल्या अनुस्वाराचा न् होतो, ‘मुंबई’त त्याचाच म् होतो. आणि ‘पोकळी’तला क लिहिलाय अख्खा, म्हणतो आपण ‘पोक्ळी’.

तुमच्या लेकीचा ‘बसला’ नेमका इथेच अडकतोय. ब, स, ला तिला येतात. ती प्रत्येकातला ‘अ’ इमानदारीत म्हणते, आपण बोलताना स मधला गिळून टाकतो, आणि कुठे गिळायचा ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. शब्द तिच्या बोलण्यातला आहे, तेव्हा "आता भरभर म्हण, काय ऐकू येतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ते गप्प बसणंच आयांना जमत नाही. मूल थांबलं रे थांबलं की आपण शब्द पुरवतो, मग पोर पुस्तकाकडे कमी आणि आपल्या तोंडाकडे जास्त बघायला लागतं.

फ्लुएन्सी म्हणजे ओघ. घड्याळ लावून पळवणं नव्हे. शब्द न फोडता, बोलल्यासारखं, जिथे थांबायचं तिथे थांबून वाचणं. ओघ नसला की सगळं डोकं अक्षरं सोडवण्यात जातं आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते. चार ओळींचा उतारा घ्या. आधी तुम्ही वाचा, मग दोघी मिळून, मग ती एकटी. दोन-तीन दिवस तोच उतारा. पाठ झाला अशी शंका आली तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा.

राहिलं कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे आकलन. गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं : वाचून समजणं म्हणजे डिकोडिंग गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही हं, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही असो, उत्तर शून्य. यातून घरी करता येण्यासारखी परीक्षा निघते. तिने न वाचलेला धडा तुम्ही वाचून दाखवा आणि गोष्टीबद्दल चार प्रश्न विचारा. ऐकून कळत असेल तर आकलनाला धाड भरलेली नाही, भार अक्षरांचा आहे. ऐकूनही कळलं नाही तर बाराखडी जन्मभर लिहिली तरी उपयोग नाही, गोष्टी आणि गप्पा वाढवायला हव्यात.

पायरी कोणती ते बघायचं असेल तर ‘प्रथम’वाल्यांची रीत सोपी आहे. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी ही संस्था १९९५ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. मुलांना वाचता किती येतं ते बघणाऱ्या त्यांच्या ‘असर’ या पाहणीत ते मुलाला एकट्याला बसवून अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. जिथवर नीट जमतं ती त्याची पायरी. काम तिथून पुढे सुरू करायचं, इयत्ता कुठलीही असो.

भांडुपकर

बाई, धडा वाचून दाखवला. सगळी उत्तरं दिली, वर "मग त्या म्हातारीने दाराला कडी का नाही लावली?" असं मलाच विचारलं! म्हणजे आकलन ठीक म्हणायचं. रविवारी दादरला जाताना स्टेशनांच्या पाट्या वाचून घेतल्या. कांजूर, घाटकोपर पटकन आलं. ‘विक्रोळी’ अडखळत, ‘विद्याविहार’चं ‘विदयाविहार’, आणि कुर्ल्याला परत तेच. या रफाराचं काय करायचं?

जुनी_अंकलिपी

एवढी शास्त्रं कशाला? आमची अख्खी पिढी बाराखडी घोकून वाचायला शिकली. सासूबाईंचं ऐका.

खडूफळा

अंकलिपी, जी शिकली ती आज इथे लिहितायत. न शिकलेली चौथीत शाळा सोडून कामाला लागली, ती तुम्हाला उत्तर द्यायला यायची नाहीत.

बाराखडीशी माझं वैर नाही. एकदा क ची कळली की ग ची, म ची तशीच चालते, ही तिची मोठी सोय. आता तर ॲ, ऑ धरून चौदाखडी झाली आहे. पण घोकलेल्या मुलाला एकदम ‘पे’ दाखवून बघा : प, पा, पि, पी करत तिथवर चालत येतो. तीच तऱ्हा "द ला काना दा" म्हणत वाचणाऱ्यांची. लिहायला शिकताना ठीक आहे, वाचताना तेवढ्या जपात शब्दच हरवतो. म्हणून अक्षरं उलटसुलट विचारायची.

भांडुपकर, रफाराबद्दल. र हा बहुरूपी आहे. ‘विक्रोळी’त पायाशी तिरकी रेघ, ‘कुर्ला’त डोक्यावर, ‘राष्ट्र’मध्ये वेगळा, ‘दुसऱ्या’मध्ये आणखी वेगळा. चारही एकदम काढू नका. एक आठवडा फक्त डोक्यावरचा घ्या : कुर्ला, गर्दी, सूर्य, वर्ग. चिन्ह बसलंय ला वर, आवाज येतो ला च्या आधी, गोंधळ एवढाच. ‘कुर्’ म्हणून तिला थांबवा, जीभ कुठे आहे ते विचारा, मग ‘ला’. उलटही करा : तुम्ही ‘गर्दी’ म्हणा आणि रफार कोणाच्या डोक्यावर ते तिला पाटीवर दाखवू द्या. हे बसलं की मग विक्रोळीचा र, आणि ‘द्य’ त्यानंतर.

वाचायला प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळ्या लावलेल्या. पहिल्या पातळीपासून घ्या : चित्र मोठं, मजकूर ओळ-दोन ओळी. "हे बाळांचं आहे" म्हणून नाक मुरडलं तर शेजारचं एखादं बालवाडीतलं पोर आणून समोर बसवा आणि त्याला वाचून दाखवायला सांगा.