लोकरीचा कॅक्टस: कुंडीचा तळ वाटीसारखा वळतो, कॅक्टस झुकतो

सूतगुंडी: 4 प्लाय ॲक्रिलिक लोकर आणि 4 मि.मी. सुई घेऊन क्रोशाची छोटी कुंडी नि त्यात कॅक्टस करतेय. पॅटर्न ब्रिटिश आहे. त्यात सगळीकडे डीसी (डबल क्रोशे) लिहिलंय, म्हणून खांब घातले. मॅजिक रिंगमध्ये (धाग्याच्या आवळता येणाऱ्या वेढ्यात) 6 टाके, पुढे 12, 18, 24, 30, 36. तळ सपाट बसत नाही, वाटीसारखा वर येतो. फटींतून आत भरलेला फायबर दिसतो आणि कॅक्टस एका बाजूला कलतो. कुठे चुकतंय?

अंगणवेल: तळ आणि फटी, दोन्हींचं मूळ एकच. ब्रिटिश पॅटर्नमधला डीसी म्हणजे आपला मुका खांब, खांबापेक्षा बुटका टाका. अमेरिकी पॅटर्नमध्ये त्यालाच एससी (सिंगल क्रोशे) म्हणतात. दर फेरीला 6 टाके वाढवायचं गणित मुक्या खांबाचं आहे. खांब उंच असतो, त्याला सुरुवातीला साधारण 12 आणि दर फेरीला 12 वाढ लागते. 6 च मिळाले की घेर अपुरा पडतो आणि कड वर उचलली जाते. तेव्हा उसवाच. सुईही 2.5 मि.मी. घ्या, खेळणी आणि कुंड्यांना वीण घट्टच हवी.

36 झाले की पुढची फेरी न वाढवता, टाक्याच्या माथ्यावर दिसणाऱ्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यातून घाला. तळाला स्वच्छ कड येते. मग 3 साध्या फेऱ्या, पुढे दर 11 टाक्यांनंतर एक वाढ (39), 2 साध्या, दर 12 नंतर एक वाढ (42), 2 साध्या. काठाची फेरी फक्त पुढच्या धाग्यातून, दर 6 टाक्यांनंतर एक वाढ (48), वर आणखी एक साधी. काठ आपोआप बाहेर वळतो. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर मोजणी हमखास चुकते.

आत जे 42 मागचे धागे मोकळे राहिले, ते कापू-झाकू नका. माती तिथेच बसते: तपकिरी लोकरीची 7 फेऱ्यांची, 42 टाक्यांची चकती करून टाक्याला टाका शिवायची. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

टाका_उलटा: कॅक्टससाठी 19 साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून 18 मुके खांब. एक साखळी घालून उलटा. यापुढे प्रत्येक ओळ मागच्या धाग्यातून, म्हणजे उभ्या कडा उठतात. शेंड्याकडचे 3 टाके स्लिप स्टिचने (सगळ्यात बुटक्या टाक्याने) घाला, माथा निमुळता होतो. पण सैल घाला, नाहीतर पुढच्या ओळीत सुई शिरत नाही. 24 ओळी झाल्या की पहिली-शेवटची जोडून नळी करा, शेंड्याच्या कडेतून धागा ओवून आवळा.

कलण्याचं कारण बहुतेक शिवण्याचा क्रम. कुंडी बंद झाल्यावर कॅक्टस वरून चिकटवला तर तो फक्त लोकरीवर उभा राहतो. आधी तो मातीच्या चकतीवर शिवा. चकतीची चौथी फेरी 24 टाक्यांची, कॅक्टसच्या बुडाला 24 ओळींची टोकं, एकास एक. फायबर शेंड्यापेक्षा बुडाशी गच्च भरा.

सूतगुंडी: कळलं, उसवते. कुंडीला वजन म्हणून तांदूळ चालतील?

अंगणवेल: नको, तांदळात टोके (किडे) होतात आणि ओल लागली तर बुरशी. धुऊन वाळवलेले बारीक खडे कापडी पुरचुंडीत बांधा. तळाशी डब्याच्या झाकणातून कापलेली प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर पुरचुंडी, बाजूंनी फायबर. चकती तळापेक्षा थोडी लहान कापा, नाहीतर कड बाहेरून उठून दिसते. माती अर्धी शिवून झाली की भरा, मग उरलेले टाके घाला.

टाका_उलटा: घरात लहान मूल असेल तर खडे नकोत, आणि कॅक्टसला डोळे करणार असाल तर त्यासाठी मणीही नकोत. काळ्या धाग्याने डोळे भरा.