रोगाची रेघ जिल्ह्याभोवती ओढायची की अख्ख्या देशाभोवती?

माणकाठ (सांगोला)

रविवारी सांगोल्याच्या बाजारातून रिकामं दावं घेऊन परत आलो. खिलार खोंड पसंत पडला होता, दातही बघून झाले होते. पण कानात बिल्ला नाही, म्हणून पावती फाडेनात. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही हा नियम मला मान्य आहे, त्यावर तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. जनावराला ओळख दिली, पण मुलखाला अजून दिलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी (अंगावर गाठी आणणारा गुरांचा रोग) आली तेव्हा राज्यभरचे बाजार एका फटक्यात बंद झाले. ज्या गावात एकाही जनावराला गाठ नव्हती तिथला माणूसही घरीच बसला.

जगात असं चालत नाही. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्याला २००७ मध्येच 'लस न देता लाळ्या-खुरकूतमुक्त' (म्हणजे गुरांच्या तोंडा-खुरांच्या रोगापासून मुक्त) असा दर्जा मिळाला. बाकीचा ब्राझील तेव्हा लस टोचत होता, देशभर तो दर्जा यायला २०२५ उजाडलं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारातही लिहिलंय की आयात करणाऱ्याने रोगमुक्त प्रदेश वेगळा धरावा. मग आपल्याकडे जिल्हावार, निदान तालुकावार वर्गवारी का नको?

निवृत्त पशुवैद्य (सोलापूर)

उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. सांता कातारिनात प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला आहे आणि लस टोचणाऱ्या राज्यांतून जनावर आत आणायला बंदी होती. वर्गवारी अशा शिस्तीवर टिकली.

आता सोलापूरकडे या. अक्कलकोटहून कर्नाटकातल्या इंडीला जाताना राज्य बदललं हे कळतं ते दुकानाच्या पाटीवरून. दिवाळीनंतर कारखान्यांवर टोळ्या येतात, बैल बरोबर येतात, चार-पाच महिने राहून परत जातात. त्यात पंढरपूरच्या यात्रेचा बाजार, सिद्धेश्वराच्या गड्ड्याचा बाजार. कुठला तालुका तुम्ही 'स्वच्छ' म्हणणार?

शिवाय रोग रोगात फरक आहे. लंपी नेणारे डास, माश्या, गोचीड. लाळ्या-खुरकूत टेम्पोच्या चाकाला, माणसाच्या चपलेला चिकटून जाते, आणि बरं झालेलं जनावरसुद्धा घशात विषाणू घेऊन महिनोन्महिने हिंडतं. लस दिलेलं जनावर आणि रोग होऊन गेलेलं जनावर वेगळं ओळखायला एनएसपी चाचणी लागते. नुसतं 'आमच्याकडे काही दिसलं नाही' याला बाहेरचा कुणी विचारत नाही. रोग न दिसणं आणि रोग नसणं, या दोन गोष्टी आहेत.

हेडी_सोलापुरी

डॉक्टरसाहेब, लंपी माशी नेते म्हणता, माशीला बंदी घालता येत न्हाई, मग बाजारालाच कशी घातली? बाजार बंद झाला तरी यवहार थांबला न्हवता. रात्री टेम्पोनं, रानातनं चालूच. उघड्यावर चाललं आसतं तर तुमच्या माणसानं एक नजर तरी टाकली आसती. लपून झालं ते कुणाच्या वहीत आलं? जिल्ह्याला रंग द्या म्हणतोय धागावाला, पर लाल रंग लागला की आमचं जनावर निम्म्या दरानं जाणार, आन् हिरवा लागला तरी दर वाढवून कोण देणार न्हाई. दोन्हीकडनं मरतो आमी यापारीच.

दावण (मंगळवेढा)

हेडी दादा, तुमचं निम्म्या दराचं दुखणं समजतं. माझी एक गाय पूर्ण गेली. मानेपासून कासेपर्यंत गाठी, पाय सुजून खांबासारखे, शेवटी उभीच राहीना. सरकारकडून दुधाळ गाईचे ३० हजार ठरले होते. तेवढ्यात तशी गाय कुठे मिळते ते सांगा. दुसरी वाचली ती शेळ्यांच्या देवीची लस वेळेत टोचली म्हणून. तेव्हा रोग सापडला की पाच किलोमीटरच्या आत लसीकरण करायचं ठरलं होतं. मला तेच पटतं. ना जिल्हा, ना राज्य. रोग जिथे आहे तिथून मोजा.

निर्यातीचं गणित

सगळे गोठ्यातच अडकलात. वर्गवारी मुळात आयात करणाऱ्याच्या हातातलं हत्यार आहे. भारताने बर्ड फ्लूच्या नावाखाली अमेरिकेची कोंबडी अख्ख्या देशापुरती अडवली, आणि २०१५ मध्ये व्यापार संघटनेत हरला. एक कारण हेच की रोगमुक्त भाग वेगळा मानायला आपण तयार नव्हतो. म्हणजे परदेशाने आपला जिल्हा वेगळा धरावा, पण आपण त्यांचा धरणार नाही, असं चालत नाही.

दुसरं, सगळं मुलखावरच ठरतं असंही नाही. लाळ्या-खुरकूत असूनही आपलं म्हशीचं मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जातं. हाडं आणि लसिकाग्रंथी काढायच्या, मांस थंड ठेवून पिकू द्यायचं, सामू (पीएच, आंबटपणाचं माप) सहाच्या खाली आला की विषाणू टिकत नाही. प्रदेश तोच, मालावर प्रक्रिया केली की जोखीम वेगळी.

निवृत्त पशुवैद्य (सोलापूर)

वर्गवारी हत्यार आहे हे बरोबर, पण आंधळं नाही. मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाचं बघा. जोखीम नगण्य, नियंत्रित आणि अनिश्चित अशा तीन पायऱ्या. भारत २०१० पासून नगण्यमध्ये आहे. ती पायरी नुसतं 'आमच्यात नाही' म्हणून मिळत नाही. गुरांना गुरांच्याच मांस-हाडांचा भुगा चारता का, संशयित जनावरांचे मेंदू तपासता का, हे विचारतात.

माणकाठ (सांगोला)

साहेब, त्या तीन पायऱ्याही सोयीनं वाकतात. मे २००३ मध्ये कॅनडात एक गाय सापडली, अमेरिकेने दार लावलं. त्याच डिसेंबरात अमेरिकेत सापडली, तीही कॅनडातून आलेली, आणि जपानने अमेरिकेचं बीफ बंद केलं. मग २००५ मध्ये अमेरिकेने 'किमान जोखमीचा प्रदेश' अशी नवीच पायरी काढली. तेव्हा तिच्यावर बसलेला देश एकच, कॅनडा!

दावणताईंचं पाच किलोमीटरचं मला पटलं, तालुका मागे घेतो. पण लंपीपुरताच. लाळ्या-खुरकूतमुक्त क्षेत्रासाठी केंद्राने निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे आणि कर्नाटकही. दोन्ही बाजूंना एकच नियम असेल तर इंडीच्या रस्त्याची अडचण निम्मी कमी होते. दर सहा महिन्यांनी द्यायची लस दोन्हीकडे एकाच पंधरवड्यात टोचा, सुरुवात तिथून करा.

निवृत्त पशुवैद्य (सोलापूर)

एकाच पंधरवड्याला माझा हात वर. आणि तो खोंड घेतलात तर बिल्ला मारून झाल्यावरही तीन आठवडे दावणीपासून लांब बांधा. पाण्याची बादलीसुद्धा वेगळी.

हेडी_सोलापुरी

तीन आठवडे! वैरणीचा भाव ठावं हाय का साहेब? ती कुणी घालायची, इकणाऱ्यानं का घेणाऱ्यानं, त्येबी ठरवून टाका की.